उपग्रहांच्या साहाय्याने परदेशातील मोटारप्रवास

अनोळखी मुलखात स्वतः मोटार चालवीत हिंडणाऱ्या प्रवाशापुढे दोन प्रश्न सतत उभे असतात. आपण या क्षणी कोठे आहोत, हा पहिला; आणि इष्ट स्थळी कोणत्या रस्त्याने जावे, हा दुसरा. खिशात मावणारे जी.पी.एस. यंत्र दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते. परंतु पहिले उत्तर आकाशातून येते आणि दुसरे नकाशातून, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिले बहुधा अचूक असते. दुसरे तितकेच भरवशाचे असेलच असे नाही. उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या बेटावर सुट्टी घालविण्यास जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल.

स्थान कसे कळते?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे चोवीस किंवा त्याहून अधिक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह जवळजवळ १२ तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. त्यावर अतिशय अचूक असे आण्विक घड्याळ असते. आपण कोठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले आहेत, हे तो रेडिओ-लहरींच्या द्वारे अखंड कळवीत असतो. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. त्यामुळे डोक्यावरील उपग्रहाचा संदेश येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेशाला लागलेल्या वेळावरून उपग्रहाचे अंतर काढता येते.

तीन उपग्रहांची अंतरे कळली की स्थान निश्चित व्हावयास हवे. परंतु प्रवाशाच्या यंत्रातील घड्याळ साधे असते. त्यात सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून चौथ्या उपग्रहाचाही संदेश घेऊन घड्याळाची चूक गणिताने शोधून काढतात. सापेक्षतेच्या नियमानुसार उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दररोज सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनी पुढे जातात. अंतराच्या हिशेबात हा फरक दिवसाला ११ किलोमीटरांहून अधिक भरतो. म्हणून त्यांची गती उड्डाणापूर्वीच तेवढी कमी करून ठेवलेली असते.

ही योजना १९९५ साली पूर्णत्वास गेली. नागरी उपयोगाच्या संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत अचूक स्थान कळू लागले. प्रवाशाचे यंत्र केवळ संदेश ऐकते, स्वतः काही पाठवीत नाही. त्यामुळे नकाशा आधीच भरून घेतलेला असल्यास स्थान जाणण्यासाठी टेलिफोनच्या जाळ्याची गरज पडत नाही.

पहिली काही मिनिटे

भारतात शेवटचे वापरलेले यंत्र केफ्लाविक विमानतळावर सुरू केले, की ते प्रथम भारताच्या आकाशातील उपग्रह शोधू लागते. नवे उपग्रह सापडल्यावर त्यांच्या कक्षांची माहिती त्यास मिळवावी लागते. एका उपग्रहाची तपशीलवार माहिती दर ३० सेकंदांनी प्रसृत होते. सर्व उपग्रहांची स्थूल सूची पुरी होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून इमारतींपासून दूर, मोटार उभी ठेवून थोडा वेळ थांबणे इष्ट होय. आइसलँडमध्ये २६ मे १९६८ पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतीय चालकाने पत्ता मोटार उभी असतानाच घालावा व पुढे यंत्राचा आवाज ऐकावा. नजर रस्त्यावर असावी.

एका अक्षराचा फरक

फेब्रुवारी २०१६ मध्ये एक अमेरिकन प्रवासी या विमानतळावरून राजधानी रेक्याविक येथील हॉटेलाकडे निघाला. अंतर सुमारे ५० किलोमीटर होते. लाउगावेगुर या रस्त्याच्या नावात एक ‘र’ अधिक पडून ते ‘लाउगारवेगुर’ असे लिहिले गेले होते. त्या नावाचा रस्ताही अस्तित्वात होता. पण तो उत्तर किनाऱ्यावरील सिग्लुफ्योर्दुर गावी. प्रवासी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर तेथे जाऊन पोचला. वाटेत क्षणोक्षणी यंत्राने सांगितलेले स्थान बरोबरच होते. चूक होती ती गंतव्याच्या नावात. पत्ता घातल्यावर संपूर्ण मार्ग एकदा नकाशावर पाहून एकूण अंतर व वेळ तपासली असती, तर ती तत्काळ उघड झाली असती.

नावाऐवजी अक्षांश-रेखांश घालता येतात. मात्र तेथेही सावधगिरी हवी. रेक्याविक ६४ अंश ८ कला उत्तर आणि २१ अंश ५६ कला पश्चिम येथे आहे. पूर्व रेखांशांची सवय असलेल्या भारतीयाने ‘पश्चिम’च्या जागी ‘पूर्व’ घातल्यास ते स्थान बोथ्नियाच्या आखातात, समुद्रात पडेल. तसेच ६४ अंश ८ कला म्हणजे ६४.०८ अंश नव्हे, तर ६४.१३ अंश होत. एवढ्या गफलतीने सुमारे ६ किलोमीटरांचा फरक पडतो.

नकाशावरील रेघ आणि प्रत्यक्ष रस्ता

यंत्रास ‘सर्वांत जवळचा मार्ग’ विचारल्यास ते बेटाच्या मध्यभागातील उंच प्रदेशातून जाण्यास सांगण्याचा संभव असतो. तेथील ज्या रस्त्यांच्या क्रमांकापूर्वी ‘एफ’ हे अक्षर असते, ते केवळ उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर खुले होतात, आणि त्यांवर चारही चाकांना गती देणारीच मोटार न्यावी लागते. काही ठिकाणी पुलावाचून नदी ओलांडावी लागते. हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहाचे पाणी दुपारनंतर वाढते. सकाळी ओलांडता आलेली नदी सायंकाळी मोटार वाहून नेऊ शकते. नकाशावरील रेघेत ही खोली दिसत नाही. यास्तव कच्चे रस्ते टाळण्याची सूचना यंत्रास आधीच द्यावी.

हिवाळ्यात वादळामुळे बेटास वळसा घालणारा मुख्य रस्ताही मधूनमधून बंद होतो, आणि डिसेंबरात रेक्याविकला दिवसाचा उजेड जेमतेम चार तास असतो. रस्ते-खात्याकडून त्या दिवसाची स्थिती समजून घेतल्याशिवाय निघू नये.

क्वचित आकाशातील उत्तरही थांबते. राजधानीच्या उत्तरेस १९९८ साली खुला झालेला क्वाल्फ्योर्दुरचा बोगदा सुमारे पावणेसहा किलोमीटर लांब असून समुद्रतळाखालून जातो. तेथे उपग्रहांचा संदेश पोचत नाही. बाहेर पडताच तो पुन्हा मिळू लागतो.

रस्ता बंद आढळल्यास परत फिरावे. रस्ता सोडून मोटार नेणे आइसलँडमध्ये कायद्याने निषिद्ध आहे, कारण तेथील शेवाळावर उमटलेले चाकांचे व्रण अनेक वर्षे बुजत नाहीत. संकट ओढवल्यास मोटारीजवळच थांबून ११२ या क्रमांकावर टेलिफोन करावा व यंत्रावरील अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. ओसाड माळावर जेथे ना गाव ना खूण, तेथे मदतपथकास प्रवाशापर्यंत आणण्यास हे आकडे पुरेसे होतात. उंच प्रदेशात टेलिफोन सर्वत्र लागतोच असे नाही; म्हणून आपण कोणत्या मार्गाने जात आहोत व केव्हा पोचू, हे निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावे आणि मोटारीत कागदी नकाशाही असू द्यावा.