आकाशातला छापखाना

आकाशात एकेकाळी एक छापखाना होता. योहान बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने १८०१ साली 'उरानोग्राफिया' हा तारकाचित्रांचा भलामोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात व्याधाच्या पूर्वेकडच्या मंद ताऱ्यांना जोडून त्याने मुद्रणयंत्राचे चित्र काढले आणि 'ऑफिसिना टायपोग्राफिका' असे त्याचे नाव ठेवले. मकर राशीच्या दक्षिणेला त्याच संग्रहात गरम हवेचा फुगा आहे, वासुकीच्या पाठीला लागून एक मांजर आहे. मांजर लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या हट्टाचे. त्याला मांजरे आवडत, एवढेच कारण. १९२२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ८८ तारकासमूहांची यादी कायम केली, तीत या तिघांनाही जागा मिळाली नाही. तारे जागेवरच आहेत, चित्रे मात्र फक्त कागदावर उरली.

अशा कागदांचा मी संग्रह करतो. एक नियम मात्र पाळतो: ज्या चित्राचे मूळ मला आकाशात बोटाने दाखवता येते, तेच चित्र घ्यायचे. रॉकेटची, परग्रहवासीयांची गमतीची चित्रे बाजारात पुष्कळ मिळतात; ती पाहायला बरी वाटतात, पण त्यांच्यासाठी रात्री गच्चीवर जावे लागत नाही. माझ्याकडचे प्रत्येक चित्र आधी वर दिसले आणि मग खाली शोधले गेले, असा क्रम आहे.

आणि हे शोधायला नाशिक वाईट गाव नाही. तीर्थक्षेत्र, द्राक्षे आणि कांदा यांपलीकडे नाशिक हे छपाईचे गाव आहे, हे आपण नाशिककरही विसरतो. नाशिक रोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला. तोवर आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२८ साली शेजारी करन्सी नोट प्रेस आला. १९७५ साली आर्यभट उपग्रह अवकाशात गेला, त्याचे पंचवीस पैशांचे तिकीट याच गावी छापले गेले. १९८५ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले, हॅलेचा धूमकेतूही तेव्हाच येत होता. त्या निमित्ताच्या तिकिटावर धूमकेतू आहे. दोन रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर आर्यभट होता, हे चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. उपग्रहाचे चित्र इतक्या खिशांतून फिरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. संग्राहक मंडळी या नोटेला चित्र मानत नाहीत. मी मानतो.

युरोपातल्या जुन्या तारकाचित्रांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी, कारण नवखा माणूस तिथे हमखास अडतो. हेवेलियसने (त्याचा संग्रह १६९० चा) आकाश गोलाच्या बाहेरून पाहिल्यासारखे काढले आहे, म्हणजे देव जसे वरून पाहील तसे. त्याचा मृग घेऊन गच्चीवर गेलात तर डावे उजवे आणि उजवे डावे दिसेल. बायर (१६०३), फ्लॅमस्टीड (१७२९) आणि बोडे यांनी जमिनीवरच्या माणसाच्या नजरेने आकाश काढले, म्हणून त्यांची पाने हातात धरून ताऱ्यांशी जुळवता येतात.

सगळ्यांत लोभस म्हणजे १८२४च्या सुमारास लंडनला निघालेला 'युरेनियाज मिरर' हा ३२ पत्त्यांचा संच. प्रत्येक पत्त्यावर एकेक चित्र आणि ताऱ्यांच्या जागी भोके. तेजस्वी ताऱ्याला मोठे, मंद ताऱ्याला बारीक. पत्ता दिव्यासमोर धरला की नक्षत्र उजळते. संच 'एका बाईंनी' रचला असे तेव्हा जाहीर केले होते. तो रग्बी शाळेतल्या ब्लॉक्सम नावाच्या मास्तरांनी केला होता, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. मूळ संच आपल्या ऐपतीबाहेरचा. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची उत्तम छायाचित्रे खुली ठेवली आहेत. ती जाड कागदावर छापून घेऊन दाभणाने आणि सुईने भोके पाडली, की आकाशकंदिलासमोर धरून पोरांना दाखवता येतात. दाभण मोठ्या ताऱ्यांना, सुई लहान ताऱ्यांना.

मग आपल्याकडे असे का झाले नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. सामग्री तर होती. 'मुहूर्तचिंतामणी'सारख्या ग्रंथांत सत्तावीस नक्षत्रांचे आकार सांगितले आहेत: अश्विनी घोड्याचे तोंड, कृत्तिका वस्तरा, रोहिणी गाडा, हस्त म्हणजे हाताचा पंजा, रेवती मृदंग. एखाद्या चित्रकाराने मनावर घेतले असते तर सत्तावीस पत्त्यांचा यापेक्षा गमतीदार संच निघाला असता. लोकमान्यांचा 'ओरायन' १८९३ साली आला, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'भारतीय ज्योतिःशास्त्र' १८९६ साली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मित्रांनी काढलेली चित्रशाळा पुण्यातच १८७८ पासून रंगीत शिळाछाप चित्रे काढत होती. एकाच गावात नक्षत्रांचे एवढे ज्ञान आणि चित्रे छापण्याची एवढी सोय, पण दोन्ही एकमेकांच्या दारात गेली नाहीत. माझ्या मते कारण साधे आहे. आपले नक्षत्र मुख्यतः पंचांगात राहिले. ते मोजायचे होते, पाहायचे कमी. पाहणारा होता तो शेतकरी आणि मेंढपाळ, ज्याने मृगातल्या तीन ताऱ्यांना 'तिकांडे' म्हटले. पण त्याच्यासाठी कोणी चित्र छापले नाही.

आकाश छापले गेले ते देवांच्या चित्रांतून. सात घोड्यांच्या रथातला सूर्य, हरणाच्या रथातला चंद्र, मेंढ्यावरचा मंगळ, नुसते मस्तक असलेला राहू. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते. 'राजा हरिश्चंद्र'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते आधी छपाईवाले होते. त्यांचा शेवटही १९४४ साली नाशकातच झाला.

ही चित्रे शिळाछाप, म्हणजे चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. पाणी शाईला दूर ठेवते, तेलकट रेषा तिला धरून ठेवते. दर रंगाला वेगळा दगड. दहाबारा रंगांचे चित्र म्हणजे तितक्याच दगडांवरून तोच कागद नेमका त्याच जागी टेकवणे. कागद केसभर सरकला की चंद्राच्या कडेला निळी किनार उमटते. ही किनार मला दोष वाटत नाही. खरे शिळाछाप ओळखायचे तर भिंग घ्यावे: दगडाचे दाणे वेडेवाकडे, वाळूसारखे दिसतात; अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांच्या सारख्या, फुलासारख्या रांगा दिसतात. विक्रेता काय सांगतो ते ऐकून घ्यावे आणि भिंग काढावे.

संग्रहात मला सर्वांत जवळची चित्रे बालहनुमानाची. सूर्याला फळ समजून झेप घेणारे पोर, मागे लालबुंद गोळा. कॅलेंडरांमुळे हे इतके घरोघरी गेले की त्यात आकाशाविषयी काही आहे हेच आपल्याला दिसत नाही. रामायणाच्या उत्तरकांडातली कथा मुळातून वाचावी. त्या दिवशी पर्वकाळ असतो, राहू सूर्याला ग्रासायला आलेला असतो, आणि पाहतो तो त्याच्या हक्काच्या सूर्याकडे दुसराच कोणी धावतो आहे. तो इंद्राकडे तक्रार घेऊन जातो. म्हणजे ही ग्रहणाची, अमावास्येची गोष्ट आहे, आणि कथाकाराला सूर्यग्रहण कधी होते हे नीट ठाऊक आहे. माझ्याकडच्या तिन्ही चित्रांत राहू गाळलेला आहे. पोर आणि फळ एवढेच उरले आहे. चित्र गोड झाले, आकाश गेले. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, नाशकातून ग्रस्तास्त सूर्यग्रहण दिसले. पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूला, चावा घेतलेला सूर्य तसाच मावळला. अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान अशी इकडची श्रद्धा. चित्राची जागा आणि वेळ दोन्ही इतक्या जुळून येणे माझ्या आयुष्यात पुन्हा होईलसे वाटत नाही.

आता एक अडचणीचा मुद्दा. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे पडताहेत. भिंतीवरच्या तसबिरी कोणी भंगारात देत नाही. देवाचे चित्र ते. काच तडकली, वाळवी लागली की लोक ती पिंपळाच्या पारावर ठेवून येतात किंवा गोदावरीत सोडतात. नवग्रहांची चित्रे तर लवकर बाहेर पडतात, कारण शनीची तसबीर घरात ठेवायला पुष्कळांचे मन धजत नाही. शंभर वर्षांचा कागद एका पावसात लगदा होतो. पारावरचे उचलावे का? माझे काही स्नेही बेधडक उचलतात आणि 'वाचवले' म्हणतात. मला ते पटत नाही. ठेवून जाणाऱ्याने चित्र टाकलेले नसते, निरोप दिलेला असतो. मी वाडा पडण्याआधी घरमालकाला भेटतो, चित्र मागतो, नाही म्हटले तर फोटो काढू द्या म्हणतो. यात चित्रे हातची जातात. जरीचे काठ आणि टिकल्या लावलेले एक चंद्राचे चित्र असेच गेले. घरातल्या आजींनी ते स्वतः रामकुंडावर नेले. माझ्याकडे त्याचा फोटो आहे आणि तेवढ्यावर माझे भागले पाहिजे, असे मी ठरवले आहे.

मिळालेल्या चित्राच्या मागचा पुठ्ठा आधी काढावा. चित्र पिवळे पडते ते उन्हाइतकेच त्या आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे. टिकल्या काढू नयेत. त्या घरातल्या बाईचे काम आहेत.

नव्या चित्रांत माझा नियम पाळणारी थोडी. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने दूरच्या ग्रहांची जुन्या सहलींच्या जाहिरातींसारखी चित्रे काढून सर्वांना फुकट खुली केली. एकात दोन सूर्यांखाली उभ्या माणसाच्या दोन सावल्या, एकात कुंपणापलीकडे लाल गवत. हे ग्रह नुसत्या डोळ्यांना दिसणारे नाहीत, पण मालिकेतल्या एकाचा तारा दाखवता येतो: ५१ पेगासी. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह त्याचा, १९९५ सालचा. सव्वाचार दिवसांत फेरी पुरी करणारा. तारा सुमारे पन्नास प्रकाशवर्षांवर आहे, आणि नाशिकच्या अक्षांशावरून तो जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास वर पाहिले की भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या पश्चिम बाजूचे दोन तारे म्हणजे पूर्वाभाद्रपदा. त्या दोघांच्या मधोमध, किंचित पश्चिमेला, तो आहे. शहरातून दिसणार नाही. अमावास्येची रात्र असली तरी फटाक्यांचा धूर आणि दिवे आहेत. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्यापलीकडे जावे, दुर्बीण बरोबर घ्यावी आणि मान दुखू नये म्हणून चटई न्यावी.