चपटेपणा नव्हे, सूर्याचे सरकणे

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृथ्वीची कक्षा हमखास लांबट दिसते. कक्षा तिरकस कोनातून दाखवायची म्हणून चित्रकार ती दाबतो. त्यात त्याची चूक नाही. आपण मात्र ते चित्र वरून पाहिल्यासारखे वाचतो आणि लंबवर्तुळाची विमध्यता म्हणजे त्याचा चपटेपणा, विमध्यता ०.५ असेल तर रुंदी निम्मी, असे धरून चालतो. खरे तर विमध्यता सांगते ती नाभी, म्हणजे सूर्य जिथे असतो तो बिंदू, मध्यापासून किती सरकली आहे हे. मध्यापासून नाभीचे अंतर भागिले दीर्घ अक्षाचा निम्मा, एवढीच तिची व्याख्या. विमध्यता ०.५ असतानाही रुंदी लांबीच्या सुमारे ८७ टक्के भरते, कारण रुंदी ठरवताना विमध्यतेचा वर्ग येतो आणि एकाहून लहान संख्येचा वर्ग तिच्याहूनही लहान असतो. पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता ०.०१६७ आहे. ही कक्षा १० सेंटिमीटर त्रिज्येने कागदावर काढली, तर सूर्य मध्यापासून १.६७ मिलिमीटर बाजूला, म्हणजे सहज दिसेल असा येतो. दबलेल्या दिशेची त्रिज्या मात्र अवघी ०.०१४ मिलिमीटरने कमी होते. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच ती हरवते.

कक्षा इतक्या गोल, तर केप्लरला लंबवर्तुळ सापडले कसे, हा आक्षेप रास्त आहे. त्याने मंगळ घेतला, त्याची विमध्यता ०.०९३. त्याच मापाच्या कागदावर सूर्य ९.३ मिलिमीटर सरकतो, चपटेपणा मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सरकलेले वर्तुळ टॉलेमीला आणि भारतीय सिद्धांतकारांनाही माहीत होते. त्यावर त्यांची गणिते बऱ्यापैकी जुळत, म्हणूनच वर्तुळ इतकी शतके टिकले. टायको ब्राहेने दुर्बिणीविना घेतलेल्या वेधांशी केप्लरचे गणित ८ कलांनी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाने चुकले. ती चूक त्याने झटकून टाकली नाही. तिचा पाठपुरावा करत तो लंबवर्तुळापर्यंत पोचला आणि १६०९ मध्ये ते छापून मांडले. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती त्याची वेधांवरची निष्ठा.

सूर्य सरकलेला आहे, मग ऋतू त्यामुळेच होत असतील, हा पुढचा समज. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर, येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना, आणि १५.२१ कोटी किलोमीटर दूर जाते ती जुलैत. ऋतू होतात ते अक्ष २३.४ अंश कललेला असल्यामुळे. म्हणून सरकण्याचा काहीच परिणाम नाही, असेही नव्हे. दूर असताना पृथ्वी संथ चालते, त्यामुळे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९. भारताने १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाचही महिने ३१ दिवसांचे आहेत, ते याच संथ चालीमुळे.