टेबलावरून खिशात: ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्पर्धेची चार दशके

ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या स्वतःच्या गुणांसाठी फारसे कोणी विकत घेत नाही. गिऱ्हाइकाला हवे असते ते तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर: हिशेबाचे, मजकूर जुळवण्याचे, खेळाचे. 1979 मध्ये ॲपल टू या संगणकासाठी व्हिसिकॅल्क हा आकडेमोडीचा प्रोग्राम आला, तेव्हा अनेक व्यावसायिकांनी तो चालवता यावा म्हणूनच संगणक घेतला. चार वर्षांनी आयबीएमच्या पीसीसाठी लोटस 1-2-3 बाजारात आले आणि हेच गिऱ्हाईक तिकडे वळले. डेस्कटॉपवर आणि पुढे मोबाइलवर जे काही घडले, त्याचे सूत्र या दोन घटनांत सापडते.

आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये पीसी बाजारात आणला. त्या वेळी प्रचारात असलेली सीपी/एम ही डिजिटल रिसर्चची सिस्टीम घेण्याची बोलणी फिसकटली आणि काम मायक्रोसॉफ्टकडे गेले. मायक्रोसॉफ्टजवळ स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. तिने ती सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून विकत घेतली. करारात एक कलम मात्र नीट सांभाळले: हीच सिस्टीम इतरांना विकण्याची मोकळीक. आयबीएमला त्यात धोका दिसला नाही, कारण तिच्या लेखी पैसा यंत्रात होता. कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीशी जुळणारे यंत्र स्वतः बनवून दाखवले, पाठोपाठ इतर कंपन्या उतरल्या, आणि यंत्र कोणाचेही असले तरी आत सिस्टीम मायक्रोसॉफ्टचीच, म्हणजे डॉस, अशी स्थिती झाली. 1984 ची मॅकिन्टॉश दिसायला आणि वापरायला कितीतरी सरस होती. पण ती एकाच कंपनीची होती, महाग होती आणि तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम कमी होते.

विंडोज नोव्हेंबर 1985 मध्ये आली, 1990 च्या तिसऱ्या आवृत्तीने जम बसवला आणि ऑगस्ट 1995 मधील विंडोज 95 ने प्रश्नच मिटवला. या काळातील आयबीएमच्या ओएस/2 ची हकीकत मुद्दाम पाहण्याजोगी आहे. तांत्रिक बाजूने ती भक्कम होती. ग्राहक यावेत म्हणून आयबीएमने तिच्यावर विंडोजचे प्रोग्रामही चालतील अशी सोय केली. सोय उत्तम होती, फक्त उलटली. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम दोन्हीकडे चालत असेल, तर ओएस/2 साठी वेगळे कोण लिहिणार? परक्या सॉफ्टवेअरवर तग धरणारी सिस्टीम स्वतःचे सॉफ्टवेअर कधीच मिळवू शकत नाही, हा अनुभव पुढे ब्लॅकबेरीलाही आला.

1998 मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. नोव्हेंबर 1999 मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोंदवलेल्या निष्कर्षांत ही कोंडी नेमकी मांडलेली आहे. विंडोजवर 70,000 हून अधिक प्रोग्राम चालत होते, ओएस/2 साठी जेमतेम 2,500 होते. ग्राहक जिथे प्रोग्राम जास्त तिथे जातो आणि प्रोग्राम लिहिणारा जिथे ग्राहक जास्त तिथे. नव्याला आत शिरायला फट राहत नाही. नेटस्केपच्या ब्राउझरची मायक्रोसॉफ्टला धास्ती होती ती याच कारणाने. प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालू लागले, तर खाली कोणती सिस्टीम आहे याला महत्त्व उरत नाही. जून 2000 मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, पुढच्या वर्षी अपिलात तो रद्द झाला आणि प्रकरण तडजोडीवर संपले.

महाराष्ट्रात ही पकड सर्वांत स्पष्ट दिसली ती डीटीपीच्या दुकानांत. पत्रिका, हँडबिले, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके सगळी पेजमेकरमध्ये जुळवली जात. मराठी अक्षरे पुरवत पुण्यातीलच दोन संस्था: सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असत. त्यामुळे एका फॉन्टात जुळवलेले पान तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसे. ऑपरेटरच्या बोटांत बसलेला कीबोर्ड, कपाटातल्या सीडींवरची वर्षानुवर्षांची पाने आणि पेजमेकर, ही तिन्ही विंडोजला बांधलेली. ॲडोबीने 2001 नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती काढली नाही, तरी कित्येक दुकानांत जुना संगणक केवळ त्याच्यासाठी जपून ठेवला गेला. लिनक्स फुकट होती. या दुकानांना ती फुकटातही परवडणारी नव्हती. शिवाय विंडोजला तरी पैसे कोण मोजत होते? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या ‘असेम्बल्ड’ संगणकात ती बहुधा नक्कल करूनच भरलेली असे. पुढे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो मुले संगणक शिकली आणि संगणक म्हणजे विंडोज व ऑफिस, हे समीकरण पक्के झाले.

या साऱ्या काळातली एक गोष्ट पुढे फार मोलाची ठरली, पण तेव्हा ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. विंडोजवरचा प्रोग्राम विकायला मायक्रोसॉफ्टची परवानगी लागत नसे. श्रीलिपीच्या किंवा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या प्रत्येक विक्रीमागे मायक्रोसॉफ्टला एक पैसाही द्यावा लागत नव्हता. मक्तेदारी ऑपरेटिंग सिस्टीमची होती. बाजार उघडा होता.

मोबाइलचे तसे नव्हते. तिथे आरंभापासून दूरसंचार कंपन्यांचे राज्य होते. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने 1999 मध्ये आय-मोड ही सेवा काढली आणि तीवरील सेवा विकणाऱ्यांकडून अवघे 9 टक्के कमिशन घेतले, ती फोफावली. भारतात मात्र कॉलर ट्यून असो वा क्रिकेटचा स्कोअर, मोठा वाटा मोबाइल कंपनीच ठेवून घेई. नोकियाच्या सिम्बियनवर प्रोग्राम टाकता येत, पण ते शोधायचे कुठे आणि पैसे भरायचे कसे, इथेच बहुतेकांचा उत्साह मावळे.

आयफोन जून 2007 मध्ये विक्रीस आला तेव्हा त्यावर बाहेरचा एकही प्रोग्राम टाकता येत नव्हता. ब्राउझरमध्ये चालेल असे काहीतरी लिहा, असे ॲपलचे प्रोग्रामरांना सांगणे होते. वर्षभरात हे धोरण बदलले. 10 जुलै 2008 रोजी ॲप स्टोअर सुमारे 500 ॲप घेऊन उघडले. विक्रीच्या रकमेतील 70 टक्के ॲप बनवणाऱ्याला, 30 टक्के ॲपलला. आज हा 30 टक्क्यांचा आकडा जुलमी वाटतो. त्या वेळी दूरसंचार कंपन्यांच्या तुलनेत तो उदार वाटला होता. खरा बदल दुसऱ्या अटीत होता. आयफोनवर ॲप पोचवायचे तर याच दुकानातून, आणि दुकानात काय ठेवायचे ते ॲपल ठरवणार. बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकायची बंदी आणि आवारात अडत, असा हा व्यवहार होता.

गूगलने 2005 मध्येच ॲन्ड्रॉइड ही कंपनी विकत घेतली होती. नोव्हेंबर 2007 मध्ये तिने हँडसेट बनवणाऱ्यांची आघाडी उभी केली आणि पुढच्या वर्षी पहिला फोन आला. ॲन्ड्रॉइड फुकट होती, तिचा कोड उघडा होता, आणि दुकानाबाहेरून ॲप टाकायलाही वाव होता. पण प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलशी वेगळा करार करावा लागे, आणि त्यासोबत गूगलचे शोधयंत्र व ब्राउझरही आधीच फोनवर भरून द्यावे लागत. 1981 च्या मायक्रोसॉफ्टचा धडा गूगलने नीट गिरवला होता, फक्त परवान्याच्या पैशाऐवजी जाहिरातीचे पैसे घेतले. 2010 च्या अखेरच्या तिमाहीत जगात पीसींपेक्षा स्मार्टफोन जास्त विकले गेले.

मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन आणला तोवर 2010 उजाडले होते. चौकोनी ठोकळ्यांचा तो पडदा देखणा होता, स्वस्त फोनवरही सुरळीत चाले. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियानेही सिम्बियन सोडून त्याची कास धरली. नोकियाचे नाव भारतात घरोघरी होते, तरी उपयोग झाला नाही. इन्स्टाग्राम आयफोननंतर तीन वर्षांनी विंडोज फोनवर आले. स्नॅपचॅट आलेच नाही. गूगलने यूट्यूबचे चांगले ॲप दिले नाही म्हणून 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते स्वतः बनवले, तर गूगलने ते अटींचा भंग करते म्हणून बंद पाडले. सत्तर हजार प्रोग्रामांच्या बळावर ज्या कंपनीने इतरांना दाराबाहेर ठेवले होते, ती आता त्याच दाराबाहेर उभी होती. 2014 मध्ये तिने नोकियाचा फोनचा धंदा 700 कोटी डॉलरांहून अधिक किमतीला घेतला आणि पुढच्याच वर्षी 760 कोटी डॉलरचा तोटा खात्यावर दाखवला. एचपीने पामची वेबओएस विकत घेऊन दीड वर्षाच्या आत गुंडाळली. ब्लॅकबेरीने 2013 मध्ये आपल्या नव्या सिस्टीमवर ॲन्ड्रॉइडची ॲप चालवून दाखवली आणि दोन वर्षांत स्वतःच ॲन्ड्रॉइडचा फोन काढला.

मोबाइलची हवा डेस्कटॉपवरही आली. 2012 च्या विंडोज 8 मध्ये स्टार्ट बटण काढून फोनसारखे ठोकळे मांडले गेले आणि कचेरीतला माणूस गोंधळला. सोबतच्या सरफेस आरटी या टॅबलेटवर जुने प्रोग्राम चालत नव्हते, फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातली ॲप चालत. त्यापायी 90 कोटी डॉलर बुडीत धरावे लागले. डेस्कटॉपच्या गिऱ्हाइकाला उघड्या बाजाराची सवय होती, ती मोडणे मायक्रोसॉफ्टलाही जमले नाही.

भारतात संगणक सोडून मोबाइलवर येण्याचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही, कारण घरात संगणक मुळात नव्हता. स्वस्त ॲन्ड्रॉइड फोन आणि सप्टेंबर 2016 मध्ये आलेले जिओ यांनी पहिला पडदा थेट हातात दिला. याच काळात मुंबईच्या इंडस ओएसने मराठीसह भारतीय भाषांतून चालणारी ॲन्ड्रॉइडची आवृत्ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आणली. जगभरचा हिशेब पाहिला तर स्टॅटकाउंटरच्या नोंदीप्रमाणे मार्च 2017 मध्ये इंटरनेटच्या वापरात ॲन्ड्रॉइडने विंडोजला प्रथमच मागे टाकले: 37.93 टक्के विरुद्ध 37.91. याच सुमारापासून नव्या सोयी फोन गृहीत धरूनच आखल्या गेल्या. डिसेंबर 2016 मधील भीम ॲप त्यातले एक. 2021 पासून महाराष्ट्रात राबवलेली ई-पीक पाहणी दुसरी. तीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर जायची. हे काम टेबलावरच्या संगणकाने होणारे नव्हते.

मग तक्रारी दुकानाकडे वळल्या. युरोपीय आयोगाने 2018 मध्ये ॲन्ड्रॉइडच्या करारांबद्दल गूगलला 434 कोटी युरोंचा दंड केला. ऑगस्ट 2020 मध्ये एपिक गेम्सने फोर्टनाइट या खेळात स्वतःची पैसे भरण्याची सोय घातली. ॲपल व गूगल या दोघांनी खेळ काढून टाकला आणि एपिक दोघांविरुद्ध कोर्टात गेली. पुढच्याच महिन्यात पेटीएम काही तास प्ले स्टोअरवरून गायब झाले आणि भारतीय कंपन्यांना गाळा कोणाच्या मालकीचा आहे ते कळले. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला दोन प्रकरणांत 1,337.76 कोटी आणि 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरी रक्कम अपिलात बरीच घटली. मार्च 2024 मध्ये कमिशनच्या वादातून गूगलने नोकरी, शादी, भारत मॅट्रिमोनी अशी नावाजलेली ॲप हटवली आणि सरकारने हस्तक्षेप केल्यावर परत ठेवली. त्याच महिन्यात युरोपात नव्या कायद्यामुळे ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची दुकाने येऊ द्यावी लागली.

डेस्कटॉप मेला, असे 2010 नंतर वारंवार लिहिले गेले. ते घाईचे ठरले. आयफोनचे ॲप बनवायलाच मॅक लागतो; चित्रपटाचे संकलन, इमारतीचा आराखडा, ताळेबंद ही कामे अजून मोठ्या पडद्यावरच होतात, आणि त्या पडद्यांपैकी बहुसंख्य विंडोजचेच आहेत. मात्र तिची जुनी तटबंदी दोन बाजूंनी खचली. जीमेल आणि गूगल डॉक्सपासून कचेरीचे बरेच काम ब्राउझरमध्ये गेले. नेटस्केपबद्दल मायक्रोसॉफ्टला जी भीती वाटत होती ती खरी झाली, फक्त लाभ गूगलच्या क्रोमला मिळाला. दुसरी बाजू खेळांची. विंडोज 8 सोबत आलेल्या दुकानाने धास्तावलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने लिनक्सची वाट धरली, 2018 मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन काढले आणि 2022 मध्ये स्टीम डेक हे हातात मावणारे यंत्र आणले. ओएस/2 ज्या युक्तीने बुडाली ती इथे चालली, कारण व्हॉल्व्हला ऑपरेटिंग सिस्टीम विकायची नव्हती. तिची कमाई स्टीम या तिच्या दुकानातून होते.

मोबाइल व डेस्कटॉप यांतली भिंतही पातळ होत गेली. नोव्हेंबर 2020 पासूनच्या एम 1 चिपच्या मॅकवर आयफोनची ॲप चालू लागली. विंडोज 11 वर ॲन्ड्रॉइडची ॲप चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आणि मार्च 2025 मध्ये काढून घेतली. अमेरिकी निर्बंधांमुळे गूगलच्या सेवा गमावलेल्या ह्वावे या चिनी कंपनीने हार्मनीओएस उभी केली आणि 2024 मध्ये तिच्यातून ॲन्ड्रॉइडच्या ॲपची सोय पूर्ण वगळली. चीनमध्ये प्ले स्टोअर नव्हतेच, त्यामुळे तिथल्या कंपन्या तिच्यासाठी वेगळे लिहायला तयार झाल्या. 2025 मध्ये गूगलने दोन गोष्टी जाहीर केल्या. लॅपटॉपसाठीची तिची क्रोमओएस आणि ॲन्ड्रॉइड यांचा पाया एक केला जाणार आहे. आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲन्ड्रॉइडवर ॲप देणाऱ्यांनाही आपली ओळख गूगलकडे आधी नोंदवावी लागणार आहे. सुरुवात 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथून होणार आहे.