दुय्यमाने मुख्य व्हावे काय?



फुटबॉलच्या मैदानावरचा एक प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे. वसंतातल्या या ज्ञानसत्रात चेंडूला काय जागा, असे कुणाच्या मनात आले असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा. हा प्रश्न मैदानावरचा असला, तरी तो शाळेतल्या उपमुख्याध्यापकाचा आहे, कचेरीतल्या हेडक्लार्कचा आहे आणि कारखान्यातल्या फोरमनचाही आहे. प्रश्न असा, की दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर ज्याने नाव मिळवले, त्याने पहिल्या क्रमांकाची जागा मागावी काय, आणि ती चालून आली तर घ्यावी काय?

प्रथम ही दुसरी जागा कोणती, ते पाहू. फुटबॉल संघाचा एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली दोन-चार सहप्रशिक्षक. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात पायापेक्षा हाताचाच वापर अधिक. पण तिथे ही विभागणी फार काटेकोर आहे. चढाईचा एक समन्वयक, बचावाचा दुसरा, आणि दोघांच्या वर मुख्य प्रशिक्षक. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये पदांची नावे इतकी बांधलेली नसली, तरी काम तेच. प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या सामन्यांचे चित्रण पाहायचे, बचावफळीला वेगळे घेऊन तिचा सराव करून घ्यायचा, कॉर्नर किकच्या वेळी कोण कुठे उभा राहील ते ठरवायचे, नवख्या खेळाडूची चूक त्याच्या कानात सांगायची. हे काम नजरेचे, बारकाव्याचे आणि जवळिकीचे आहे.

मुख्य प्रशिक्षकाचे काम याहून अधिक मोठे आहे असे आपण सहज म्हणून जातो. माझे म्हणणे असे, की ते मोठे नाही, ते निराळे आहे. पंचवीस-तीस खेळाडूंतून अकरा निवडायचे, म्हणजे उरलेल्यांना वगळायचे. मालकांना समजावायचे, वार्ताहरांना उत्तरे द्यायची, आणि संघ हरला की कुणाकडेही बोट न दाखवता स्वतः पुढे उभे राहायचे. काल वगळलेला खेळाडू आपले गाऱ्हाणे घेऊन सहप्रशिक्षकाकडे येत असे. आज सहप्रशिक्षक मुख्य झाला, की वगळणारा तोच. त्याच्याकडे येणारे पाऊल दुसरीकडे वळते. जो जिव्हाळा हे त्याचे भांडवल होते, तेच पहिल्या दिवशी खर्ची पडते.

पुणेकरांना हा भेद संगीतातून लवकर पटेल. उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्याची साथ केली, आणि स्वतंत्र तबलावादनातही त्यांनी अखिल भारतात कीर्ती मिळवली. साथ आणि एकल वादन ही दोन शास्त्रे आहेत. एक आले म्हणजे दुसरे आपोआप येत नाही. थिरकवांसारख्या एखाद्याला दोन्ही साधतात. पण केवळ साथ उत्तम करणाऱ्याला आपण अपुरा म्हणत नाही. फुटबॉलमध्ये मात्र, आणि कचेरीतही, दुसरी जागा ही पहिलीची पायरीच समजली जाते, आणि पायरीवर थांबलेला माणूस अडलेला समजला जातो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ते आपल्या शेजारचे, गोव्याचे आहे. क्लिफर्ड मिरांडा हे डेम्पो संघाचे नामांकित खेळाडू. खेळ संपल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले आणि एफसी गोवा संघात सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश मुख्य प्रशिक्षकाचे सहाय्यक झाले. २०२० च्या जानेवारीअखेर, साखळीतले तीनच सामने उरले असताना, लोबेरा यांना संघाने दूर केले. संघ मिरांडांच्या हाती आला. पुढे काय झाले? हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल आणि साखळीतले पहिले स्थान. त्यायोगे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान गोव्याला मिळाला. उपान्त्य फेरीत चेन्नईयिन संघाकडून दोन सामन्यांची बेरीज ५-६ होऊन ते हरले. त्यानंतर क्लबने हुआन फेरांडो या दुसऱ्या स्पॅनिश गृहस्थांना आणले, आणि मिरांडा पुन्हा सहाय्यकाच्या जागी आले.

हे एकदाच घडले असते, तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण २०२३ साली ओडिशा संघात तेच झाले. मुख्य प्रशिक्षक जोसेप गोंबाऊ गेले, सहाय्यक मिरांडा हंगामी झाले, आणि एप्रिलमध्ये कोळिकोडच्या मैदानावर बेंगळुरूला २-१ असे हरवून त्यांनी ओडिशाला सुपर कप मिळवून दिला. त्या क्लबचा तो पहिला चषक. पुढच्या हंगामासाठी क्लबने नेमले कुणाला? त्याच लोबेरांना. मिरांडा मोहन बागानमध्ये गेले, तेही सहाय्यक म्हणून, आणि कुणाचे, तर त्याच फेरांडोंचे. २०२४ च्या जानेवारीत फेरांडोही गेले. अंतोनिओ लोपेझ हबास यांची नेमणूक झाली. ते एका हंगामात आपल्या पुणे सिटी संघाचेही प्रशिक्षक होते. पण सुपर कपच्या सामन्यांत बाकाजवळ उभे राहावे लागले मिरांडांना, आणि त्या वेळी ईस्ट बंगालकडून मोहन बागानचा ३-१ असा पराभव झाला. म्हणजे यशाच्या वेळी नेमणूक दुसऱ्याची, आणि पराभवाच्या वेळी उभे राहणे ह्यांचे. अखेर २०२५ साली चेन्नईयिन संघाने त्यांना पूर्ण मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले. पहिल्या हंगामी कामगिरीपासून पाच वर्षांनी.

ह्या हकिकतीत कुणावर अन्याय झाला, असा खटला मला चालवायचा नाही. क्लबांना आपापली कारणे असतात. मला लक्ष वेधायचे आहे ते 'हंगामी' या शब्दाकडे. आपले पुणेही त्याला अपवाद नव्हते. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून बालेवाडीच्या मैदानावर खेळला. पाच हंगामांत इटली, इंग्लंड, स्पेन, सर्बिया, पुन्हा स्पेन आणि पुन्हा इंग्लंड असे सहा परदेशी मुख्य प्रशिक्षक आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मिगेल आन्हेल पोर्तुगाल गेले, तेव्हा संघ प्रद्युम रेड्डी ह्या भारतीय प्रशिक्षकाच्या हाती आला. पण हंगामी म्हणूनच. डिसेंबरात फिल ब्राउन यांची नेमणूक झाली. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. घर जळत असताना घागर हाती द्यायला भारतीय माणूस चालत होता; घर पुन्हा उभे राहिले, की किल्ल्या दुसऱ्याकडे.

हंगामी कारभाऱ्याची अडचण दुहेरी असते. खेळाडू त्याने निवडलेले नसतात, सहकारी त्याचे नसतात, पुढल्या महिन्याचे वचन तो कुणाला देऊ शकत नाही. तरी निकाल मात्र त्याच्या नावावर जमा होतो. शिवाय अशा वेळचे यश फसवेही असते. खालिद जमील यांचे पाहा. त्यांनी २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. म्हणजे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते नवखे नव्हते. २०२१ च्या जानेवारीत ते ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघात सहाय्यक असताना हंगामी प्रमुख झाले. उरलेल्या साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि उपान्त्य फेरीत पोचला. त्याच वर्षी ते कायम झाले. इंडियन सुपर लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक. आणि पुढच्याच हंगामात तो संघ अकरांत दहावा आला! माणूस तोच, विद्या तीच. धक्क्याने आलेला उत्साह ओसरला, आणि मग संघ बांधण्याचे खरे काम पुढे आले. त्या अपयशाने त्यांची वाट संपली नाही, हे विशेष. जमशेदपूरला त्यांनी पुन्हा संघ उभा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. साव्हिओ मदेरा २०१२ मध्ये त्या जागेवरून गेल्यापासून तेथे भारतीय माणूस बसला नव्हता. मदेरा ह्या गोमंतकीयांच्या वेळीही चढउतार असाच झाला होता: डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई विजेतेपद, आणि तीन महिन्यांनी आशियाई चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने गमावले.

परदेशात काय दिसते? इंग्लंडातील लिव्हरपूल संघाचे बिल शँक्ली १९७४ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे सहाय्यक बॉब पेझली यांना ती जागा घेण्याची हौस नव्हती. नाइलाजाने घेतली. पहिल्या हंगामात एकही मोठा चषक आला नाही. पण पुढे नऊ वर्षांच्या हिशेबात सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप जमा झाले. उलट अमेरिकेत डिक लेबो हे बचावाचे नाणावलेले समन्वयक. २००० साली सिनसिनाटी संघ पहिले तीन सामने हरला, प्रमुखाने राजीनामा दिला, आणि हंगामाच्या मध्येच लेबोंना वर ओढले. तीन वर्षांत १२ विजय आणि ३३ पराभव! २००४ मध्ये ते पिट्सबर्गला पुन्हा बचावाचे समन्वयक झाले, आणि त्यांच्या बचावाच्या जोरावर त्या संघाने दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. तिसरे उदाहरण बिल बेलिचिक यांचे. न्यूयॉर्क जायंट्सचे समन्वयक म्हणून दोन अजिंक्यपदे पदरी असताना ते क्लीव्हलँडचे प्रमुख झाले, पाच हंगामांनी त्यांना काढले, ते पुन्हा दुय्यम झाले, आणि २००० पासून न्यू इंग्लंडचे प्रमुख म्हणून त्यांनी सहा अजिंक्यपदे जिंकली.

तिघांची बुद्धी उणीअधिक होती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. पेझली यांना सुव्यवस्थित घर मिळाले आणि पहिले कोरडे वर्ष माफ झाले. लेबोंना पडके घर मिळाले, तेही भर पावसात. बेलिचिक यांना पहिल्या अपयशानंतर दुसरी संधी मिळाली. प्रमुखाचे यश निम्मे त्याच्या अंगी असते आणि निम्मे त्याला ती जागा कशी दिली गेली, यात असते.

येथे एक आक्षेप येईल. कुणी म्हणेल, "अहो, असे केल्याने चांगला दुय्यम हातचा जातो आणि वाईट प्रमुख पदरात पडतो. ज्याला जे येते ते त्याने करावे." आक्षेप खोटा नाही. ज्याचा जीव सरावाच्या मैदानावर, चित्रणाच्या खोलीत रमतो, त्याने वर जाण्याचे नाकारले तर तो भित्रा नव्हे. त्याने स्वतःला ओळखले आहे. पण हा निर्णय त्याने घ्यावयाचा आहे. इतरांनी त्याच्या वतीने 'तो दुय्यमच बरा' असे ठरवले, की त्या शहाणपणात आपली सोय दडलेली असते. आशियाई महासंघाचे प्रशिक्षकांसाठी क, ब, अ आणि प्रो असे चढते परवाने आहेत. आमच्या माणसांनी वर्षे घालवून ते मिळवायचे, आणि मग जागा मात्र हंगामी! असे होऊ लागले, तर पुढचा मुलगा ही पायरी चढेल कशाला?

म्हणून माझे उत्तर असे. ज्याला पहिल्या जागेची ओढ आहे, त्या यशस्वी दुय्यमाने ती जरूर घ्यावी. पण तत्पूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत आणि मालकांना तीन. स्वतःला पहिला प्रश्न: ज्या खेळाडूवर मी लोभ केला, त्याला तोंडावर 'उद्या तू नाहीस' असे मला सांगता येईल काय? दुसरा: ज्या कामाने माझे नाव झाले, ते काम दुसऱ्याच्या हाती देऊन मला गप्प बसता येईल काय? अनेक जण येथेच फसतात. ते प्रमुख होतात आणि बचावफळीचा सराव स्वतःच घेत राहतात. मग संघाला दोन दुय्यम होतात आणि प्रमुख एकही नाही. मालकांना विचारावयाचे ते असे: मुदत किती? खेळाडू निवडण्यात माझा शब्द कितपत चालेल? माझे सहकारी मी आणू शकेन काय? तिन्हींची उत्तरे कागदावर आली, तर मागे पाहू नये. आणि नाव बुडत असताना हंगामी हाक आली, तर? संघ आपला आहे, हाकेला ओ द्यावीच लागते. पण त्याच दिवशी विचारून घ्यावे, की नाव किनाऱ्याला लागल्यावर माझे नाव विचारात घेतले जाईल काय.

शेवटी आपल्या सर्वांकडे थोडे पाहू. दुय्यम माणूस वर गेला आणि पहिले चार सामने हरला, की 'तरी मी म्हणत होतो' असे म्हणणारे आपणच असतो. तो परत खाली आला, की 'घसरला' म्हणणारेही आपणच. लेबो परत आले ते घसरले म्हणून नव्हे. आपल्या कामावर परत आले. मिरांडा दोनदा परतले आणि तिसऱ्यांदा उभे राहिले. प्रमुखाला एक कोरडे वर्ष माफ करण्याची आणि परतलेल्या दुय्यमाला पूर्वीचाच मान देण्याची सवय गावाने लावून घेतली, तर त्या माणसाला निर्भयपणे होय म्हणता येईल, आणि तितक्याच निर्भयपणे नाहीही म्हणता येईल.