गांवांतील मंडळ आणि जगाचें काम

श्रोतेहो, ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हे शब्द कानीं पडले कीं डोळ्यांपुढें न्यूयॉर्क, जिनीव्हा येथील भव्य सभागृहें उभीं राहतात. ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाचा त्यांच्याशीं काय संबंध, असें वाटणें साहजिक आहे. परंतु या कार्याचा एक जुना धागा आपल्या कल्याणांतूनच निघालेला आहे. तो आज उलगडून दाखवावा, आणि असें मंडळ कसें काढावें व कसें चालवावें याविषयींचा माझा अल्पसा अनुभव निवेदन करावा, असा विचार आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना लग्नानंतर आनंदीबाई झाली. तिच्या शिक्षणासाठीं गोपाळराव जोशी यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्याशीं केलेला पत्रव्यवहार तिकडील एका मासिकांत छापला गेला. तो न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनांत आला. या बाई साध्या गृहिणी होत्या. त्यांनीं पत्र लिहिलें. त्याला उत्तर गेलें, उत्तरास पुन्हां उत्तर आलें. आणि १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, तेव्हां परक्या मुलखांत त्यांच्यासाठीं एक घर उघडें होतें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या.

येथें एका घराचें काम संपतें आणि मंडळाचें सुरू होतें. रमाबाईंनीं अमेरिकेंत ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. हिंदी विधवांच्या शिक्षणास साह्य करण्यासाठीं १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें ‘रमाबाई असोसिएशन’ ही संस्था निघाली आणि गांवोगांवीं लहान लहान ‘रमाबाई मंडळें’ स्थापन झालीं. यांची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. दर वर्षीं ठराविक रक्कम, आणि तीहि दहा वर्षेंपर्यंत, देण्याची हमी घेतली जाई. त्या भरंवशावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास गेलें. बंधुभावाचे ठराव पुष्कळ होतात. पण शाळेचें भाडें ठरावानें भागत नाहीं, न चुकतां येणाऱ्या वर्गणीनें भागतें.

याच इतिहासांत दुसरा, थोडा कडू, धडाहि आहे. सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप येऊन १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. अमेरिकेंतील साह्य मात्र चालूच राहिलें. दोष कोणाचा किती, हा वाद मी आज उकरीत नाहीं. इतकेंच म्हणतों, कीं देणारा, घेणारा आणि भोंवतालचा समाज या तिघांचाहि विश्वास लागतो; एकाचा तुटला तरी पैसा असूनहि काम अडतें.

उपकाराचा ओघ एकाच दिशेनें वाहिला, असेंहि नाहीं. १९३८ सालीं चीनच्या साह्यार्थ राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉक्टर चोळकर होते. ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणिसांनीं चीनमध्येंच देह ठेवला.

आतां माझी गोष्ट. निवृत्त होतांच, २०१४ सालीं, डोंबिवलींत आम्हीं कांहीं शिक्षकांनीं एक मंडळ काढलें. अध्यक्ष अर्थात् मी! विश्वशांतीवर व्याख्यानें झालीं, ठराव झाले, हारतुरेहि झाले. पहिल्या सभेस चाळीस माणसें होतीं, वर्षाअखेर सात उरलीं. त्या सातांतल्या एका बाईंनीं मला विचारलें, “गुरुजी, या वर्षांत परमुलखांतल्या एकाहि माणसाच्या उपयोगीं आपण पडलों का?” चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारणारा मी त्या दिवशीं निरुत्तर झालों.

उत्तर आमच्या दारांतच उभें होतें. २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांत भूकंप झाला आणि सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं. आमच्या इमारतीचा पहारेकरी गोरखा जिल्ह्यांतला. दोन दिवस त्याला घरची वार्ता नव्हती, आणि आम्ही रोज त्याचा सलाम घेऊन ‘जग एक आहे’ असें बोलावयास जात होतों! मग आम्हीं पेठेंतल्या व स्टेशनाजवळच्या नेपाळी पहारेकऱ्यांची यादी केली. बँकेंतून नेपाळांत पैसे पाठविण्याची सोय रिझर्व्ह बँकेनें २००८ पासून केलेली आहे. ती अनेकांना ठाऊक नव्हती. तिचे अर्ज भरून देणें, मुलांना शाळेंत प्रवेश मिळवून देणें, दर रविवारीं मराठी शिकविणें, एवढेंच काम आम्हीं पत्करलें. तें आजहि चालू आहे.

ज्यांना असें मंडळ काढावयाचें असेल त्यांनीं तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, नोंदणी. १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याप्रमाणें निदान सात माणसें पुरतात. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयांतहि नोंद करावी लागते. दुसरी, पैसा. परदेशांतून देणगी घ्यावयाची तर २०१० च्या कायद्यान्वयें केंद्र सरकारची अनुज्ञा हवी. परदेशीं रक्कम पाठविण्यासहि निर्बंध आहेत. म्हणून आरंभ श्रमानें करावा, आणि वर्गणीच्या पै न् पैचा हिशेब दारावर लावावा. तिसरी, चालक. त्यानें भाषण थोडें करावें. पत्रांचीं उत्तरें वेळेवर लिहावीं, आणि आपल्यामागें काम पाहील असा तरुण पहिल्या वर्षींच शोधावा. आमचें अध्यक्षपद आतां त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंकडे आहे. मी हिशेबाची वही लिहितों.

श्रोतेहो, रोझेलच्या त्या गृहिणीनें जगाचा उद्धार करण्याचें मनांत आणलें नव्हतें. तिनें कल्याणच्या एका मुलीला पत्र लिहिलें, आणि उत्तर आल्यावर दुसरें लिहिलें. आपल्याला निदान दुसऱ्या पत्रापर्यंत पोंचतां आलें पाहिजे.