भाड्याचा तुकडा आणि मनाचे ऋतू

इंग्लंड आणि वेल्समधील वस्त्यांच्या कडेला, पुष्कळदा रेल्वेमार्गालगत, ‘अलॉटमेंट’ म्हणजे भाजीपाल्यासाठी वार्षिक भाड्याने दिलेले जमिनीचे लहान तुकडे आढळतात. पूर्ण तुकड्याचे माप परंपरेने सुमारे २५० चौरस मीटर धरले जाते. सामाईक जमिनींना कुंपणे पडून भूमिहीन झालेल्या ग्रामीण मजुरांच्या गरजेतून ही व्यवस्था वाढली, आणि १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तेथे असे तुकडे पुरवणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. पोटासाठी जन्मलेल्या या व्यवस्थेकडे आज मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने पाहिले जाते, आणि त्याला आधारही आहे.

नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशाच ३० बागकर्त्यांना प्रथम ताण देणारे काम सांगण्यात आले, आणि मग त्यांच्यापैकी काहींनी अर्धा तास बागकाम, तर इतरांनी घरात बसून वाचन केले. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, दोन्ही गटांत उतरले. परंतु बागकाम करणाऱ्यांत ते अधिक उतरले आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. अर्थात हा अर्ध्या तासाचा परिणाम झाला. या तुकड्याचे खरे सामर्थ्य वर्षभराच्या क्रमात आहे.

डिसेंबरात लंडनला आठ तासांहूनही कमी दिवस मिळतो, आणि ऋतूनुसार येणारे नैराश्य याच काळात अनेकांना ग्रासते. नेमक्या याच काळात तुकडा माणसाला घराबाहेर काढतो, कारण शरद ऋतूत लावलेल्या लसणाकडे पाहायचे असते, लीक काढायची असते, आणि थंडीने स्टार्चची साखर होऊन गोड झालेले पार्सनिप, म्हणजे गाजराच्या कुळातील पांढरट मूळ, गोठलेल्या मातीतून उकरायचे असते. जानेवारी-फेब्रुवारीत बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यांत मांडून खिडकीशी ठेवतात, म्हणजे लागवडीपूर्वी त्यांना आखूड, जाड कोंब फुटतात. ही लागवड गुड फ्रायडेच्या सुमारास करण्याची जुनी रीत आहे. निराश मनाला पुढचा काळ रिकामा दिसतो, तर येथे पुढच्या महिन्याचे काम आधीच ठरलेले असते, आणि ते माणसाच्या उत्साहाची वाट पाहत थांबत नाही.

एप्रिल-मे हा मात्र टंचाईचा काळ असतो, कारण हिवाळी पिके संपलेली आणि नवी अजून हाती न आलेली असतात. मेच्या मध्यापर्यंत रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीचे भय असल्याने नाजूक रोपे बाहेर लावता येत नाहीत. पुढे उष्ण, दमट दिवसांत करपा बटाट्याची हिरवी रोपे काही दिवसांत काळी करतो. अशा नुकसानीत दोष स्वतःचा नसतो आणि पुढचा हंगाम येणारच असतो, हा अनुभव खचलेल्या माणसाला उपदेशापेक्षा अधिक पटतो. ऑगस्टमध्ये झुकिनीचे उत्पन्न घरच्या गरजेपलीकडे गेले की ती शेजारच्या तुकड्यांवर वाटली जाते, आणि एरवी अबोल असणाऱ्यांनाही बोलण्याचे निमित्त मिळते.

बागकाम हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे, आणि बाग निवडणारे लोक मुळातच अधिक निरोगी असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हे लाभ वर्षानुवर्षे टिकण्यासाठी जमीन हातची जाणार नाही ही शाश्वती लागते. १९२५ च्या कायद्यानुसार अलॉटमेंटसाठीच घेतलेली सार्वजनिक जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या जागांना मात्र हे संरक्षण नाही.