‘एवढं सैल’ म्हणजे किती? चॅटबॉटला विचारा

एआय कंपन्यांसाठी सक्तीचा परवाना आणि निर्मात्यांना रॉयल्टी, असा प्रस्ताव केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर 2025मध्ये मांडला. साहित्य द्यायला नकार देण्याची सोय त्यात नाही. साहजिकच यूट्यूबवर शिकवणाऱ्यांना पडलेला प्रश्न पैशांचा आहे. मला त्याआधीची एक गोष्ट खुपते. या शिकवण्यांतून यंत्राच्या हाती लागतं तरी काय?

बरेचदा नुसतं बोलणं. एआयला शिकवण्यासाठी वापरल्या गेलेल्या ‘द पाइल’ या गाजलेल्या साठ्यात 1,73,536 यूट्यूब व्हिडिओंची सबटायटल्स होती. चित्र एकही नव्हतं. आणि शिकवणारा मोक्याच्या जागी बोलत नाही, दाखवतो. पुरणपोळीची कणीक ‘एवढी सैल’ हवी, असं म्हणत ती ताणून दाखवणाऱ्या काकूंच्या व्हिडिओतून मजकुरात उतरतं ते फक्त ‘एवढी सैल’. 2019 साली संशोधकांनी बारा लाखांहून जास्त शिकवणीच्या व्हिडिओंचा ‘हाउटू100एम’ हा संच केला. त्यातले 400 तुकडे त्यांनी स्वतः पाहिले, तेव्हा बोलण्यातली निदान एखादी वस्तू किंवा कृती पडद्यावर दिसत होती ती जेमतेम 51 टक्के तुकड्यांत. आता जेमिनीसारखी मॉडेलं चित्रही बघतात, पण सहसा सेकंदाला एकच फ्रेम. झटकन होणारी हालचाल दोन फ्रेमच्या मधेच निसटू शकते.

यावरचा तोडगा पवईत फार आधीच सापडला होता, तोही यंत्रांचा विचार मनात नसताना. आयआयटी मुंबईचे प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे धडे आहेत. प्रत्येक धड्याची संहिता आधी दोन रकान्यांत लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचं ते. मग विषयातलं काहीच न कळणारा माणूस ती वाचून, करून बघतो. तो अडखळला की संहिता बदलायची. रेकॉर्डिंग त्यानंतर. मराठीत आणि इतर भारतीय भाषांत आवाज देताना वाक्यं मूळ चित्राच्या वेळेत बसवावी लागतात. हे काम किती किचकट आहे ते मराठी क्रियापदाला वाक्याच्या शेवटी येताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शिक्षक जवळ नसलेल्या विद्यार्थ्यासाठी घेतलेली ही मेहनत चॅटबॉटला आयती मिळावी, इतकी नेमकी आहे.

हे धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर खुले आहेत. पैसे कुणी मागितलेले नाहीत. अटी दोनच: श्रेय द्या, आणि यातून नवं काही घडवलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. लिब्रऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मेल मर्ज कसा करायचा हे चॅटबॉट पायरीपायरीने सांगतो, पण ते तो कुणाकडून शिकला याचा उल्लेख त्यात सहसा नसतो. रॉयल्टीचा दर ठरवणाऱ्यांनी ज्यांना पैसेच नकोत, नाव हवंय, त्यांच्यासाठी कोणता रकाना ठेवलाय, हे आधी सांगावं.